तिसरी बैठक

दांडिया बाजारात, औषधांच्या दुकानावर, दुसरा मजला.
खालून सेव-उसळीच्या तर्रीचा वास जिन्यानं वर येतो
आणि माझ्या बधिर करायच्या मलमाशी भांडतो.
इथं मी लोकांच्या डोक्यावर ठिपके काढते.

कॉलेजात जस्ताच्या पत्र्यावर राळ भुरभुरवायचे,
आम्लात बुडवून काळोखाच्या पायऱ्या मोजायचे.
सर म्हणायचे, काळा असा रंग नसतोच, नुसती दाटी असते.
तेवढ्या एका वाक्यावर आज भाडं निघतं.

श्रीरंग गुप्ते, वीज कंपनीतून निवृत्त,
पहिल्याच दिवशी खिशातून जुनं ओळखपत्र काढतात:
बाविशीतले ते, कपाळावर कोंबडा.
"इथून सुरू करा."
बोट जवळजवळ भुवईवर.
काका, हेल्मेट दिसेल, मी म्हणते,
थोडी माघार ठेवू या, वयाला शोभेलशी.
भाजीवालीशी करावी तशी घासाघीस,
अर्ध्या बोटावर सौदा पटतो.

पालथे झोपतात तेव्हा मागचा दिसतो:
कानामागून वर चढलेला, चार इंच,
गुळगुळीत, पांढरट, गांडुळासारखा व्रण.
"पायरीवरून पडलो होतो," ते उशीत बोलतात.
मी विचारलेलं नसतं.

व्रणाची कातडी शाई नीट घेत नाही.
कुठं थुंकून टाकते,
कुठं अधाशासारखी पिते, ठिपक्याचा डाग होतो.
सुई उथळ धरायची, हात इतका हलका
की झोपलेल्या बाळाच्या कपाळावरचा डास उडवावा.
काळ्यात पाणी, पाण्यात किंचित तपकिरी,
नाहीतर दोन वर्षांत डोकं निळं पडतं.

दुसरी बैठक, दहा दिवसांनी.
"उत्तरायणात. मांजा."
मागच्या वेळी पायरी होती, मी म्हणते.
ते हसतात. टाळू हलते. मी सुई उचलते.
"न्हाव्यांसाठी ठेवल्यात.
रावपुऱ्यातल्याला मांजा, स्टेशनवरच्याला स्कूटर,
एकाला तर सांगितलं, माकडानं नारळ फेकला.
पन्नास वर्षं वस्तरा तिथं आला की थांबतो:
काका, आ शुं थयुं?"

तिसऱ्या बैठकीला थोडंच उरलेलं.
भिंगाखाली शोधावं लागतं,
व्रण कुठं संपतो आणि मी कुठं सुरू होते.
आरशासमोर आरसा धरते.
ते चाचपतात. बोटाला सापडतो, डोळ्याला नाही.
"आता कोणी विचारणार नाही."
खूश आहेत, मला वाटतं.
पण उठत नाहीत.

"सांडशी होती. आईनं फेकलेली.
सातवीत मी, दुधाचे पैसे गोट्यांत हरलेलो.
रात्रभर हळद दाबून बसली, पदर वाळून ताठ झाला.
म्हणाली, कोणी विचारलं तर पडलो म्हणायचं.
म्हटलं. मग कंटाळा आला, तर दुसरं काही.
फेब्रुवारीत गेली.
शेवटी कोणालाच ओळखत नव्हती,
पण उशी सारखी करायला वाकलो
की हात बरोब्बर तिथंच यायचा."

खालची तर्री उकळत असावी.
मी सूचना वाचते, कारण दुसरं काही सुचत नाही:
चार दिवस पाणी नाही, घाम नाही, ऊन नाही,
खाजलं तरी खाजवायचं नाही.
"आणि हेल्मेट?"
आठवडाभर नाही.
ते पैसे मोजतात, दहाच्या नोटा वेगळ्या करून.
जिना उतरतात.

खिडकीतून बघते:
नाक्यावर पोलिसानं स्कूटर अडवलीय,
हेल्मेट हँडलला लोंबकळतंय,
आणि गुप्ते डोक्याकडं बोट करून
त्याला काहीतरी सांगताहेत.
लांबलचक, हातवारे करत.
पोलीस पावतीपुस्तक मिटून ऐकतोय.